खोगीरभरती: आकुर्डी-चाकण पट्ट्यातील दुचाकीच्या सीटचा इतिहास

मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी भरताड या अर्थाने रूढ झाला असला, तरी मूळ खोगिराच्या बाबतीत आत काय भरले आहे हा प्रश्न कधीच गौण नव्हता, कारण घोड्याची पाठ सोलवटणार की नाही आणि स्वार दिवसभर टिकणार की नाही हे त्या भरावावरच ठरत असे. घोड्याच्या जागी स्कूटर आणि मोटारसायकल आली, तेव्हा वाहनाची पाठ लोखंडाची झाल्यामुळे तिची काळजी मिटली, पण स्वाराची मिटली नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात गेल्या साठाहून अधिक वर्षांत लाखो दुचाक्या तयार झाल्या आणि त्या प्रत्येकीवर कारखान्याने एक सीट बसवून दिली. तरीही ती सीट कारखान्यात पूर्ण झाली असे म्हणता येत नाही, कारण तिचे उरलेले काम नेहमीच बाजारात, शिवणयंत्रावर बसलेल्या कारागिराच्या हातून झाले आहे. या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासात परवाने, परदेशी करार आणि उत्पादनाचे आकडे ठळकपणे येतात, सीट मेकर मात्र क्वचितच येतो, आणि ही उणीव लहान नाही.

सीटचे सामाजिक स्थान भाषेतही दिसते. दोघांनी एका वाहनावरून जाणे म्हणजे ‘डबलसीट’ आणि तिघांनी जाणे म्हणजे ‘ट्रिपलसीट’, ही शब्दयोजना पुण्याच्या परिसरात सायकलींच्या काळापासून चालत आली असून, सायकलवर वस्तुतः दुसरी सीट नव्हतीच, पुढची दांडी होती किंवा मागचे कॅरियर होते, आणि तसे डबलसीट जाणे एके काळी दंडास पात्रही होते. स्कूटरने या दुसऱ्या माणसाला प्रथमच हक्काची, गादी असलेली जागा दिली. पुढे 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 128 ने दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती असावी आणि ती चालकाच्या मागे घट्ट बसवलेल्या योग्य सीटवरच बसलेली असावी असे बंधन घातले, तर 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 123 व्या नियमाने मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे आवरण आवश्यक ठरवले. हे आवरण म्हणजेच लोकांच्या तोंडचे ‘साडी गार्ड’. नेसलेली साडी, एका बाजूला पाय सोडून बसण्याची पद्धत आणि मांडीवरचे मूल, या सगळ्यांचा भार सीटच्या मागच्या निम्म्या भागावर येत होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय या भागातील सीटची घडण समजत नाही.

बजाज ऑटोची मुळे 1945 साली स्थापन झालेल्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये असून, या कंपनीने 1948 पासून परदेशी बनावटीची दुचाकी आणि तीनचाकी वाहने आयात करून विकली, 1959 मध्ये ती येथेच तयार करण्याचा सरकारी परवाना मिळवला आणि 1960 मध्ये आकुर्डीच्या कारखान्याचे भूमिपूजन केले. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी केलेल्या करारानुसार तयार होणारी व्हेस्पा हे या कारखान्याचे पहिले महत्त्वाचे वाहन होते. व्हेस्पाच्या रचनेत पत्र्याचे अंगच सांगाड्याचे काम करते आणि पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असते, त्यामुळे पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी सीट बिजागरीवर उचलावी लागे. त्या काळच्या अनेक स्कूटरवर चालकाची आणि मागच्याची सीट वेगवेगळी असे. पत्र्याचा किंवा नळ्यांचा सांगाडा, त्यावर पोलादी स्प्रिंगा, स्प्रिंगांवर काथ्याचा किंवा कापसाचा थर आणि वर ताणून बसवलेले आवरण, अशी या सीटची साधारण बांधणी होती. काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचे तंतू. ते हवा खेळती ठेवतात, पण कालांतराने दबून गोळा होतात, आणि मग स्प्रिंगेची कडी थेट मांडीला टोचू लागते. अशी सीट उसवून, स्प्रिंगा बदलून, नवा काथ्या भरून पुन्हा शिवता येत असे, आणि हे काम कोणत्याही गादीवाल्याच्या आवाक्यातले होते.

पियाजिओशी असलेला करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन बजाजची ‘चेतक’ स्कूटर आली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना ही पायडल असलेली छोटी मोपेड बाजारात आली, जिच्यामुळे सायकल आणि स्कूटर यांमधल्या माणसालाही इंजिनावर बसता आले. बजाज ऑटोने 1977 मध्ये एका आर्थिक वर्षात एक लाख वाहनांचा टप्पा गाठला, आणि तरीही मागणी पुरवठ्याच्या इतकी पुढे होती की स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. ज्या वस्तूसाठी कुटुंबाने इतकी वाट पाहिली, ती जपणे हा तिच्या मालकीचा पहिला भाग ठरला. शोरूममधून गाडी घरी येताच सीटवर वेगळे कव्हर, पायाशी रबरी मॅट आणि स्टेपनीवर आवरण चढवण्याची पद्धत यातूनच पडली असावी. या काळात सीट मेकरकडे येणारा ग्राहक आपल्या शरीरासाठी सुख मागायला येत नव्हता. कंपनीची मूळ सीट ऊन, पाऊस आणि झीज यांपासून कशी वाचेल हे विचारायला येत होता. सीटला माणसापासून वाचवण्याचा हा काळ सुमारे दोन दशके टिकला.

या धंद्याची साधने आणि माणसे शेजारच्या धंद्यांतून आली. आकुर्डीतच तयार होणाऱ्या रिक्षांना आणि टेम्पोंना कापडी किंवा रेग्झीनचे हूड लागे, मागच्या बाकांना गाद्या लागत, आणि हे जाड कापड शिवणारी भक्कम यंत्रे ज्याच्याकडे होती त्याला स्कूटरचे कव्हर शिवणे सहज जमत होते. ‘रेग्झीन’ हे मुळात इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड येथे तयार होणाऱ्या कृत्रिम चामड्याचे व्यापारी नाव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन ते बनवले जाई. पुढे लेप पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा झाला, पण मराठीत नाव तेच राहिले, जसे मऊ फोमच्या प्रत्येक गादीला ‘डनलप’ म्हणण्याची सवय राहिली. पुण्यात नाना पेठ हा दुचाकीच्या सुट्या भागांचा आणि सजावटीच्या सामानाचा मोठा बाजार बनला, आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या पट्ट्यातल्या ग्राहकालाही त्याचा आधार होता.

काथ्याची जागा फोमने घेतली, तेव्हा या धंद्याचे स्वरूप मुळातून बदलले. रबराच्या चिकापासून फेसाळ गादी बनवण्याची डनलप कंपनीची रीत 1929 सालची आहे, तर जर्मनीत ओटो बायर यांनी 1937 मध्ये पॉलियुरेथेनच्या रसायनाचा पाया घातला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यापासून लवचीक फोम मोठ्या प्रमाणावर बनू लागला. या फोमचा कारखान्याच्या दृष्टीने मोठा गुण असा की दोन द्रव एकत्र करून साच्यात ओतले की ते फुगून काही मिनिटांत साच्याचा नेमका आकार घेतात, त्यामुळे गादी भरण्याचे कौशल्य माणसाच्या हातातून निघून साच्यात जाते. कावासाकीच्या सहकार्याने 1986 मध्ये केबी 100 ही मोटारसायकल आली, त्याच वर्षी बजाज ऑटोच्या वार्षिक उत्पादनाने पाच लाखांचा टप्पा गाठला, आणि नव्वदच्या दशकात स्कूटरच्या जागी मोटारसायकल आली, तसतशी साच्यातली लांब, अखंड सीट सर्वसामान्य झाली. पुढे पत्र्याच्या तळाऐवजी प्लास्टिकचा तळ आणि टाक्यांऐवजी हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने मारलेल्या पिना आल्या. वाळूजमध्ये 1990 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या वॅरॉकसारख्या पुरवठादारांच्या उत्पादनांत आरसे आणि प्लास्टिकच्या भागांबरोबर तयार सीटही येते, म्हणजे सीट ही आता जुळणीच्या रांगेवर पूर्ण होऊन येणारी वस्तू झाली.

चाकण हे नाव तेथे कारखाने येण्यापूर्वी संग्रामदुर्ग किल्ल्यासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जात असे. बजाज ऑटोचा तेथील कारखाना 1999 मध्ये सुरू झाला, 2001 मध्ये पल्सर आली, 2012 च्या जानेवारीत ऑस्ट्रियाच्या केटीएमची ड्यूक 200 चाकणमध्ये तयार होऊन भारतात विकली जाऊ लागली आणि 2023 मध्ये ब्रिटनच्या ट्रायम्फची स्पीड 400 त्यात सामील झाली. आकुर्डीतले वाहन-उत्पादन 2007 मध्ये थांबले. या नव्या गाड्यांनी शरीराला नवी बैठक शिकवली. पाय मागे, धड पुढे झुकलेले, चालकाची सीट खोलगट आणि मागची उंच व तुटक. हे रूप वेगाच्या भावनेला शोभणारे असले, तरी दररोज चाकण-तळेगाव रस्त्यावर किंवा पुणे-नाशिक महामार्गावर पाळी गाठायला निघालेल्या माणसाला त्यात वेदना जाणवू लागली. जुन्नर, खेड आणि मावळ या तालुक्यांतून कारखान्यांत येणारा कामगार हा कदाचित या सीटचा सर्वांत कठोर परीक्षक आहे, कारण तो रपेट म्हणून नव्हे तर रोजच्या कामासाठी तिच्यावर बसतो. येथूनच सीट मेकरकडे येणाऱ्या माणसाची मागणी उलटली आणि सीटपासून माणसाला वाचवण्याचे काम सुरू झाले.

आरामदायी सीट निवडताना सर्वांत जास्त गफलत मऊपणाविषयी होते, म्हणून तो मुद्दा सविस्तर पाहण्याजोगा आहे. बसलेल्या माणसाचा भार मुख्यतः ओटीपोटाच्या हाडाच्या तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर पडतो. शरीरशास्त्रात त्या भागाला आसनास्थी म्हणतात. हे दोन उंचवटे ज्या रुंदीवर टेकतात तेवढी रुंद आणि सपाट जागा सीटवर नसेल, तर भार मांडीच्या आतल्या मऊ भागावर जातो, रक्तप्रवाह दबतो आणि मुंग्या येऊ लागतात. फार मऊ फोमवर बसताना पहिली पाच मिनिटे सुखाची जातात, पण तो पूर्ण दबला की हाड थेट तळाला टेकते, आणि याला कारागीर ‘सीट बसली’ असे म्हणतात. फोमचा दाटपणा, म्हणजे एका घनमीटरमधले किलोतले वजन, आणि त्याचा कडकपणा, म्हणजे तो ठराविक प्रमाणात दाबण्यासाठी लागणारे बळ, हे दोन वेगळे गुण आहेत. दाट फोम मऊही असू शकतो आणि हलका फोम कडकही, आणि टिकाऊपणा प्रामुख्याने दाटपणावर अवलंबून असतो. शोरूममध्ये दोन मिनिटे टेकून सीटची पारख करणारा ग्राहक मऊपणा तपासतो, दाटपणा तपासत नाही, आणि दोन तासांच्या प्रवासात उपयोगी पडतो तो दुसराच गुण. अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या कॉर्बिनसारख्या सीटनिर्मात्यांनी याच कारणाने मुद्दाम घट्ट फोमची वाट धरली.

यात कंपनांचा भाग निराळा आहे. उभ्या दिशेतील कंपनांपैकी सेकंदाला साधारण 4 ते 8 या पट्ट्यातील कंपने बसलेल्या माणसाला सर्वाधिक जाणवतात असे आयएसओ 2631 या आंतरराष्ट्रीय मानकात धरलेले आहे. फोम आणि मागचे शॉक-ॲब्सॉर्बर यांनी मिळून ती कमी करायची असतात, म्हणून निकामी शॉक-ॲब्सॉर्बरवर महागडी सीट बसवण्यात पैसा वाया जातो.

जाणता सीट मेकर म्हणूनच आधी माणूस पाहतो. गाडीवर बसवून दोन्ही पाय जमिनीला कसे टेकतात, गुडघे किती वाकतात, हात किती ताणतात हे तो बघतो, कारण सीट, फूटरेस्ट आणि हँडल यांचा त्रिकोण एका कोपऱ्यात हलवला की उरलेले दोनही बदलतात. फोमचा एक जाड थर वाढवला तर गुडघ्याला मोकळीक मिळते, पण बुटक्या चालकाचे पाय उचलतात. बजाजच्या डॉमिनार या मोटारसायकलची सीट जमिनीपासून 800 मिलिमीटर उंच आहे, ॲव्हेंजर 220 ची 737, आणि एवढ्या फरकाने एकाच माणसाचा दोन्ही गाड्यांवरचा आत्मविश्वास वेगळा असतो. मग कारागीर पिना काढून आवरण उतरवतो, फोमवर खडूने खुणा करतो, पुढे घसरवणारा उतार कापून सपाट करतो, कडेला पट्टी जोडून रुंदी वाढवतो, जोड यंत्राने घासून एकजीव करतो आणि मग नवे आवरण शिवतो. शिवणीचीही एक विद्या आहे. उघड्या छिद्रांचा फोम पाणी शोषतो, त्यामुळे बसण्याच्या मध्यभागी नक्षीसाठी घातलेली प्रत्येक शिवण पावसाळ्यात पाण्याची वाट ठरते. चांगला कारागीर शिवण कडेला नेतो किंवा खाली पातळ प्लास्टिकचा थर घालतो. मे महिन्यात तापणाऱ्या काळ्या रेग्झीनवर हल्ली हवा खेळवणारे जाळीचे कव्हर चढते. जेलची पट्टी हाडाखालचा दाब पसरवते, पण उन्हात गरम होऊन उष्णता धरून ठेवते, हेही ग्राहकाला सांगणारा कारागीर विश्वासू समजावा. मागे बसणाऱ्याला बहुधा कुणी विचारत नाही, आणि ही चूक घराघरांत जाणवते.

कायद्याच्या बाजूने पाहता मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 अन्वये नोंदणी-पुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असे फेरफार करता येत नाहीत. सीटांची संख्या हा असाच एक तपशील असल्याने एका माणसाची जागा काढून टाकणे किंवा वाढवणे हा भराव बदलण्यापेक्षा वेगळ्या जातीचा बदल ठरतो.

कंपन्यांनीही बाजाराकडून काही उचलले आहे. 2006 मध्ये आलेल्या प्लॅटिनाच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये बजाज ऑटोने ‘स्प्रिंग सॉफ्ट सीट’ अशा नावाने स्प्रिंगांना पुन्हा सीटमध्ये जागा दिली, म्हणजे काथ्याबरोबर हद्दपार झालेली गोष्ट नव्या नावाने परत आली. आकुर्डीतही 2022 च्या जूनमध्ये विजेवर चालणाऱ्या चेतकसाठी नवा कारखाना उघडला. या चेतकच्या सीटखाली पेट्रोलची टाकी नाही, सामान ठेवायची जागा आहे, आणि सीट उचलण्याचे निमित्त बदलले तरी तिच्या कडा पूर्वीसारख्याच झिजतात. अशा प्रत्येक नव्या गाडीसाठी सीट मेकर पहिल्यांदा आलेल्या सीटचे आवरण शिवण न फाडता उसवतो, तुकडे सपाट करून कागदावर ठेवतो, कडेने पेन्सिल फिरवतो आणि तो फर्मा मॉडेलचे नाव लिहून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवतो.