जुन्या लाकडाचा नवा संसार

मुंबई-पुण्यात एखादी जुनी चाळ किंवा वाडा पाडायला घेतला की विटा-मातीचा ढिगारा डंपरमधून शहराबाहेर जातो. लाकूड मात्र सहसा त्या ढिगाऱ्यात जात नाही. तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या, जिन्याचे कठडे, दारांच्या चौकटी हे सारे आधी जपून उतरवले जाते, घनफुटाने मोजले जाते आणि जुन्या लाकडाच्या वखारीत जाऊन पडते. पाडकाम करणाऱ्या कंत्राटदाराच्या हिशेबात ते जमेच्या बाजूला असते. पूर्वी या वखारीत येणारे गिऱ्हाईक म्हणजे बेतास बात पैशात दार-खिडकी करून घेणारा मध्यमवर्गीय. आता तिथे फर्निचर डिझायनरही दिसू लागले आहेत. 'इको-फ्रेंडली' या शब्दाला बाजारात मोल आले, हे त्याचे एक कारण. पण खरे कारण त्या लाकडातच आहे.

हे लाकूड आले कुठून? एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्याचा पूर्वार्ध या काळात उभ्या राहिलेल्या मुंबईतील अनेक इमारतींत 'बर्मा टीक', म्हणजे ब्रह्मदेशचे सागवान वापरले गेले. १८६३ साली स्थापन झालेल्या 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन'चा व्यवहार प्रामुख्याने याच सागाचा होता. कंपनीच्या लाकूडतोडीवरून ब्रह्मदेशच्या दरबाराने तिला दंड ठोठावला आणि तेच १८८५च्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरले. राजा थिबा पदच्युत झाला आणि त्याची रवानगी रत्नागिरीला झाली. साग आमच्याकडे आला, तसा सागाच्या देशाचा राजाही आला! त्याच्यासाठी बांधलेला थिबा पॅलेस १९१० सालचा. १९१६ मध्ये रत्नागिरीतच त्याचे निधन झाले. पुढे म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्यामुळे शतकापूर्वीच्या इमारतींतील सागाची किंमत आणखी कळू लागली.

नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या सागात तेलकट, गडद गाभ्याचे प्रमाण मोठे असते आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. लागवडीचा साग वीस-पंचवीस वर्षांत तोडला की त्यात सालीलगतचे पांढरट लाकूड बरेच निघते. ते वाळवीला वर्ज्य नाही. शिवाय शंभर पावसाळे आणि शंभर उन्हाळे छताखाली काढलेली तुळई पुरती मुरलेली असते. तिची फळी काढली तर ती नव्या, अर्धवट सुकलेल्या लाकडासारखी पीळ खात नाही. म्हणूनच जुने लाकूड वापरणे ही पर्यावरणावर केलेली मेहेरबानी नव्हे. बहुतेक वेळा ते बाजारातील नव्या लाकडापेक्षा उजवेच असते.

अडचणी आहेत त्या वेगळ्याच. तुळईची लांबी त्या जुन्या खोलीच्या रुंदीने ठरलेली असते. मधेच कुसवाची खाच असते, कुठे खिळ्यांची भोके. आत राहिलेला एखादा खिळा करवतीचे दात घालवतो, म्हणून चिरण्याआधी लाकडावरून मेटल डिटेक्टर फिरवावा लागतो. डिझायनरचे कौशल्य दिसते ते इथे. आधी चित्र काढून मग त्या मापाचे लाकूड शोधायचे, हा नेहमीचा क्रम इथे उलटतो. हाती काय आले आहे ते पाहून चित्र काढावे लागते. चांगला डिझायनर जुनी खाच लपवत नाही. तिथेच वेगळ्या रंगाच्या लाकडाचा तुकडा बसवून टेबलाच्या पृष्ठभागाला शोभा आणतो. दार आडवे करून वर काच टाकली की सेंटर टेबल झाले, ही कल्पना मात्र एव्हाना शिळी झाली आहे. कोरीव दार सुस्थितीत असेल तर ते दुसऱ्या घराला दार म्हणूनच लागावे, हे अधिक शहाणपणाचे.

भंगार लाकडाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत नेदरलँड्सच्या पीट हाइन एक या डिझायनरचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९९० मध्ये आइंटहोव्हनच्या डिझाइन अकादमीतून बाहेर पडताना त्याने टाकाऊ फळ्यांची कपाटे केली होती. फळ्यांवरचे जुने रंग त्याने खरवडून काढले नाहीत. तेच कपाटाचे सौंदर्य ठरले. त्याचे गणितही सरळ आहे. साहित्य जवळजवळ फुकट, पण ते निवडणे, साफ करणे, जोडणे यांत मजुरी अमाप. त्यामुळे भंगाराचे कपाट तिकडे चांगलेच महाग पडते. आपल्याकडे जुन्या सागाला स्वतःचीच किंमत आहे आणि मजुरीही पूर्वीसारखी स्वस्त राहिलेली नाही. तेव्हा 'जुने म्हणजे स्वस्त' हा समज डोक्यातून काढूनच वखारीत शिरावे.

खरेदी करणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. नव्या लाकडाला साखळीने ठोकून, काळपट पॉलिश चढवून 'अँटिक' म्हणून विकण्याचा धंदा जोरात आहे. ठोकल्याच्या खुणा फक्त दर्शनी बाजूला असतील तर संशय घ्यावा. खऱ्या जुन्या फळीच्या खुणा मागच्या अंगालाही असतात आणि खिळ्याच्या भोकाभोवतीचा काळा डाग लाकडात खोल उतरलेला असतो. दुसरी गोष्ट रंगाची. जुन्या दार-खिडक्यांवरील तैलरंगात शिसे असण्याचा संभव मोठा आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा आली ती २०१६च्या नियमांनी. जुना रंग कोरडा घासला तर ती धूळ श्वासावाटे पोटात जाते. घरात लहान मूल असेल तर ओल्या पद्धतीने, तेही घराबाहेर, रंग काढून घ्यावा.

पण चाळींची संख्या मोजकी आहे. एक दिवस हा साठा संपणारच. पुन्हा पुन्हा उगवणारे साहित्य हवे तर बांबूकडे वळावे लागते. बांबू म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत. कोंबाची पूर्ण उंची एका हंगामात भरते, तीन-चार वर्षांत काठी पक्व होते आणि ती तोडल्याने बेट मरत नाही. तरीही १९२७च्या भारतीय वन कायद्यात हे गवत 'झाड' म्हणून नोंदलेले होते! २०१७च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू त्या व्याख्येतून निघाला आणि शेतकऱ्याच्या बांधावरची काठी तोडण्या-नेण्यातील मोठा अडसर दूर झाला.

बांबूचा अभ्यास मात्र त्याआधीच सुरू झाला होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) एम. पी. रंजन यांनी सहकाऱ्यांसह ईशान्य भारतातील बांबू आणि वेतकामाची तपशीलवार नोंद करणारा ग्रंथ १९८६ मध्ये सिद्ध केला. २०१५ मध्ये निधन होईपर्यंत बांबू हा त्यांच्या ध्यासाचा विषय राहिला. महाराष्ट्रात सिंधुदुर्गातील कुडाळ येथे २००४ पासून 'कोनबॅक' ही संस्था बांबूच्या वस्तू व बांधकामाचे काम करते आहे. तिथल्या परिसरातला 'माणगा' बांबू जवळजवळ भरीव आणि बिनकाटेरी, त्यामुळे खुर्ची-पलंगाला फार सोयीचा. पोकळ बांबूत खिळा ठोकला की तो उभा चिरतो. म्हणून त्याला भोक पाडून, पाचर किंवा दोरीचा बंध देऊन जोडावे लागते. सांधाच फसला तर डिझाइन कितीही देखणे असो, खुर्ची वर्षभरात कुरकुरू लागते.

बांबूचा खरा शत्रू भुंगेरा. काठीतला स्टार्च हे त्याचे अन्न. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणाची प्रक्रिया केलेला बांबू वर्षानुवर्षे टिकतो. प्रक्रिया नसेल तर काही महिन्यांत खुर्चीखाली पिवळसर भुकटी पडू लागते. ही रसायने पाण्यात विरघळतात, म्हणून असे फर्निचर उघड्या गच्चीत पावसात ठेवू नये. बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या फळ्याही आता मिळतात. दिसायला त्या लाकडासारख्याच. पण गोंद कोणता वापरला ते विचारावे. फॉर्मल्डिहाइड सोडणारा गोंद असेल तर 'नैसर्गिक' या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

जलपर्णीचे फर्निचर हा या मालिकेतील सर्वांत नवलाचा प्रकार. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीने आपल्या नद्या-तलावांचा श्वास कोंडला आहे. तिच्या देठात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. देठ सुकवून, त्यांच्या वेण्या घालून सांगाड्यावर विणले की उबदार तपकिरी रंगाची बैठक तयार होते. थायलंडने हे काम बरेच पुढे नेले. आसामातही त्यातून रोजगार उभा राहिला. अशा खुर्च्यांनी एखादा तलाव मोकळा होईल ही आशा मात्र बाळगू नये. जलपर्णीच्या वाढीचा वेग विणणाऱ्या हातांना झेपणारा नाही. कोकण-मुंबईच्या दमट हवेत या विणीला बुरशी येते, तेव्हा पावसाळ्यात ती भिंतीपासून दूर, वारा लागेल अशी ठेवावी आणि श्रावणातले ऊन पडले की बाहेर काढावी. घेताना सांगाडा कशाचा आहे तेही पाहून घ्यावे. तो पक्का असेल तर वीण सुटल्यावर त्याच सांगाड्यावर पुन्हा विणून घेता येते.