साथ ओसरल्यानंतरची शाळा

महामारीपाशी राव आणि रंक असा भेद नसतो, असे म्हणण्याचा आपल्याकडे परिपाठ आहे. इतिहासाचा कौल मात्र निराळा पडतो. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई शहरात जो संहार केला, त्याचे जातवार आकडे उपलब्ध आहेत. दर हजार वस्तीमागे युरोपियनांत ८.३ माणसे दगावली, उच्चवर्णीय हिंदूंत १८.९, आणि ज्यांस त्या काळचे सरकारी दप्तर ‘हलक्या जातीचे हिंदू’ म्हणे त्यांच्यांत ६१.६. रोग एक आणि शहरही एक. परंतु हवेशीर बंगल्यात राहणारा व एका खोलीत दाटीने निजणारा ह्यांचे भवितव्य एक नव्हते. साथ विषमतेस जन्म देत नाही. असलेली विषमता ती उघडी करते, आणि जाताना अधिक खोल करून जाते. शाळांच्या बाबतीतही हेच खरे आहे. साथीनंतर शाळेने काय करावे ह्याचा विचार करू पाहणाऱ्यास १९१८-१९ सालच्या दक्षिण महाराष्ट्राचा वृत्तांत बोधप्रद होईल, असे आम्हांस वाटते.

प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे म्हणून नामदार गोखले ह्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात बिल आणले. पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल ह्यांच्या प्रयत्नाने १९१८ साली कायदा झाला खरा, परंतु त्याने नगरपालिकांस सक्ती करण्याची केवळ मुभा दिली. खेडी बाहेरच राहिली. कोल्हापुरास मात्र शाहू छत्रपतींनी १९१७ सालीच मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता, आणि १९१८ च्या मार्चमध्ये करवीर पेट्यातील चिखली गावी त्याचा प्रारंभही झाला. पुढे तीनच महिन्यांनी, जूनमध्ये, मुंबई बंदरात इन्फ्लुएंझाने पाऊल टाकले. सप्टेंबर-ऑक्टोबरातील दुसरी लाट पहिलीहून कितीतरी भयंकर होती. त्याच वर्षी पावसाने दगा दिला, आणि महायुद्धामुळे महागाई तर आधीच शिगेस पोहोचली होती.

अशा समयी नवा उपक्रम गुंडाळून ठेवण्यास याहून सोयीचे निमित्त कोणते मिळणार? ‘आधी लोक जगू देत, मग शिकवू’ हे वाक्य दयाळू वाटते. पण त्याचा भार नेहमी एकाच बाजूस पडतो. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, बाप शिकलेला आहे, त्याच्या मुलाचे एक वर्ष बुडाले तर ते भरून निघते. ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, त्या घरचा दहा वर्षांचा मुलगा गुरांमागे जातो तो बहुधा पुन्हा पाटीपाशी येत नाही. कोल्हापूरने सक्तीचा हुकूम मागे घेतला नाही. इतकेच नव्हे, तर ३० सप्टेंबर १९१९ रोजी महाराजांनी आणखी एक हुकूम काढला: अस्पृश्यांसाठी चालणाऱ्या स्वतंत्र शाळा दसऱ्यापासून बंद कराव्यात, आणि त्या मुलांस इतर मुलांबरोबरच सरकारी शाळांत दाखल करून घ्यावे. ह्या हुकुमाचे कारण साथ हे होते, असे आमचे म्हणणे नाही. त्याची मुळे जुनी आहेत. परंतु जी घडी विस्कटली होती ती जशीच्या तशी पुन्हा न बसविता तिच्यातील एक मोठे व्यंग काढून टाकावे, हे धैर्य त्या कठीण काळातच दिसले, हे विसरता येत नाही.

आणि योगायोग असा की, त्याच दसऱ्याच्या दिवशी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कऱ्हाडजवळील काले गावी भाऊराव पाटील ह्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. भाऊरावांची विद्यार्थिदशा कोल्हापुरातच गेली होती. शाळेचे दार उघडे ठेवले म्हणजे काम भागले असे नव्हे. आत येणाऱ्या मुलाच्या पोटाचे काय, हा प्रश्न त्यांनी नेमका ओळखला. शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात वसतिगृहे निघाली होती, पण त्यांतील बहुतेक एकेका जातीची वा धर्माची होती. भाऊरावांनी साताऱ्यास १९२४ साली जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकाच चुलीवरचे अन्न एका पंगतीत जेवू लागली. पैसा अपुरा पडला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांस जेवू घातले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते ह्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. पुढे ‘कमवा आणि शिका’ हे त्या संस्थेचे ब्रीदच होऊन बसले. सक्तीच्या कायद्यात जी उणीव होती, ती अशी भाकरीने भरून निघाली.

एका शतकानंतर तोच प्रसंग आपल्या दाराशी आला. मार्च २०२० मध्ये बंद झालेले महाराष्ट्रातील खालचे प्राथमिक वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये कोठे उघडू लागले. मधल्या काळात शिक्षण मोबाइलवर आले. म्हणजे ज्याच्या घरी मोबाइल, त्याच्या घरी आले. ‘असर’ ह्या पाहणीप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली २७.३ होती; २०२२ साली ती २०.५ उरली. ह्या आकड्यांतील पहिलाच आम्हांस अधिक अस्वस्थ करतो. साथ येण्यापूर्वीही शंभरांतील सत्तरांहून अधिक मुलांस तो उतारा वाचता येत नव्हता!

म्हणून शाळा ‘पूर्ववत’ सुरू झाल्या ह्या वार्तेने संतोष मानण्याची आमची तयारी नाही. पूर्वीची स्थितीच जेथे अन्यायाची, तेथे पूर्ववत होणे म्हणजे तो अन्याय फिरून मान्य करणेच होय. मागे राहिलेले मूल हुडकून काढणे, त्याला आधी वाचावयास शिकवून मग इयत्तेचा अभ्यास सांगणे, आणि ते शाळेत टिकावे म्हणून त्याच्या घरच्या अडचणीत हात घालणे, ही कामे शासनाची आहेत, तशीच आपल्यासारख्या सुस्थित कुटुंबांचीही आहेत. आपली मुले खाजगी शिकवणीच्या बळावर पुढे निघून गेली म्हणून आपण निश्चिंत राहावे, असे नाही. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो ते गावाच्या वेशीबाहेर जाऊन सोने लुटण्यापुरते. १९१९ च्या दसऱ्याने मात्र खरोखरीच एक सीमा ओलांडली, आणि ती साथीच्या व टंचाईच्या दिवसांत ओलांडली. त्यांच्यापाशी साधने आपल्याहून पुष्कळच थोडी होती.