निळ्या पडद्याचा इतिहास

संगणक चालता चालता एकाएकी पडदा निळा होतो, त्यावर काही इंग्रजी शब्द उमटतात आणि यंत्र गप्प बसते. अकलूजची शाळा असो वा मुंबईचे कार्यालय, आपण बहुधा बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू करतो. बिघडण्यापूर्वी यंत्राने दिलेली जबानी मात्र त्यामुळे न वाचताच पुसली जाते. ही जबानी घेण्याची वेळ का आली, ते पाहू.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक काम करू लागला. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. तो संस्थेतल्याच मंडळींनी बांधला होता. त्यामुळे बिघाड झाला, तर यंत्राची नस न् नस जाणणारी माणसे शेजारीच असत. संगणक घरोघरी पोहोचला आणि हे चित्र पालटले. प्रोसेसर एका कंपनीचा, प्रिंटर दुसरीचा, चित्र दाखवणारे कार्ड तिसरीचे आणि विंडोज ही प्रणाली चौथीची! प्रणाली आणि जोडलेले उपकरण यांच्यातील दुभाषा म्हणजे 'ड्रायव्हर' ही आज्ञावली.

हा दुभाषा चुकला की काय होते? लेखनाची आज्ञावली चुकली, तर प्रणाली तिला एकटीला बंद करू शकते. ड्रायव्हर मात्र बहुधा प्रणालीच्या गाभ्यात, पूर्ण अधिकाराने चालतो. त्याने मेमरीत भलतीकडे लिहिले, तर कोणती माहिती शाबूत आहे याची खात्री उरत नाही. काम तसेच पुढे रेटले, तर डिस्कवरील माहितीही बिघडेल. म्हणून रेल्वेतली साखळी ओढावी तशी प्रणाली स्वतःच थांबते.

१९९३ साली आलेल्या विंडोज एनटीमध्ये असा पडदा होता. त्याची आज्ञावली जॉन व्हर्ट यांनी लिहिली. निळ्यावर पांढरी अक्षरे निवडण्याचे कारण साधे होते : ते ज्या यंत्रावर काम करीत, त्याचे रंग तेच होते. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू होते. स्कॅनर जोडताच भर सभेत पडदा निळा झाला. पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये टॉम बॉल आणि श्रीराम राजामणी यांनी ड्रायव्हर न चालवताच, केवळ तर्कशास्त्राने, त्यातील चुका शोधण्याची पद्धत विकसित केली.

तरीही १९ जुलै २०२४ उजाडला. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक कंपनीने आपल्या सुरक्षा आज्ञावलीसाठी एक फाइल पाठवली. त्या आज्ञावलीकडे २० नोंदी येत होत्या. नव्या फाइलमुळे ती २१ वी शोधू लागली आणि मेमरीच्या हद्दीबाहेर वाचू लागली. ती गाभ्यात चालत असल्याने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. भारतात विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. पण बंद पडलेल्या असंख्य यंत्रांपाशी माणसालाच जावे लागले. 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांनिशी, यंत्र सुरू करून ती फाइल काढणे हा उपाय होता.

हीच रीत शाळेतही उपयोगी पडते. पडद्यावरील शब्द आधी वहीत उतरवावेत. 'मशीन चेक एक्सेप्शन' असेल, तर प्रोसेसरनेच यंत्रसामग्रीतील दोष कळवलेला असतो. अशा वेळी उष्णता, धूळ आणि वीजपुरवठा तपासावा. 'आयआरक्यूएल'ने सुरू होणारा संदेश बहुधा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. बिघाडाच्या आधी कोणते उपकरण किंवा ड्रायव्हर नव्याने आला, ते आठवावे. त्याच चुका वेगवेगळ्या नावांनी येत असतील, तर मेमरीची पट्टी तपासावी. ती तपासण्याची सोय विंडोजमध्येच असते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निकाल नोंदवावा. एरवी एखाद्या सैल पट्टीपायी चांगला संगणक अडगळीत जातो आणि मुलांचे तास बुडतात.

२०२५ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मधील हा पडदा काळा केला. रंग बदलला तरी चुकीचे नाव त्यावर आजही येते. ते वाचून, उतरवून, कारणाचा अंदाज बांधायचा आणि तो तपासून पाहायचा, हे काम आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना नक्की जमेल.