सुलतानपूरचा तळ आणि देवलदेवीची कथा

शहाद्याच्या उत्तरेस सुलतानपूर नावाचे जुने ठिकाण आपल्या जिल्ह्यात आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीचा सेनापती मलिक काफूर याचा तळ इथे पडला होता, असे फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. आणि इथून निरोप गेला तो काय? बागलाणात आसरा घेतलेल्या कर्ण राजाने आपली मुलगी देवलदेवी आमच्या हवाली करावी!

कर्ण हा गुजरातचा शेवटचा वाघेला राजा. १२९९ साली अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजेने त्याचे राज्य बुडवले. राणी कमलादेवी दिल्लीला नेली गेली. राजा मुलीला घेऊन डोंगराळ मुलखात आला. फिरिश्ता सांगतो की बागलाणात तो दोन महिने झुंजला. देवगिरीच्या राजपुत्राला मुलगी द्यायला आधी त्याचे मन घेत नव्हते. गळ्याशी आले तेव्हा तो कबूल झाला. मुलगी देवगिरीकडे निघाली, तो वेरूळच्या बाजूला शत्रूची टोळी आडवी आली. तिच्या घोड्याला बाण लागला. ती दिल्लीला गेली आणि पुढे शहाजादा खिज्रखानाशी तिचे लग्न झाले.

या लग्नाचे प्रेमकाव्य अमीर खुस्रोने फारशीत रचले, तेही शहाजाद्याच्याच सांगण्यावरून. म्हणजे नवरदेवाच्या बाजूची हकिकत झाली ही! ते १३१६ साली पुरे झाले. त्याच सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्यात खिज्रखानाचे डोळे काढले गेले आणि १३१८ साली त्याला ठार केले. कवीला मागाहून तोही भाग जोडावा लागला.

मग १८६६ साली सुरतेच्या नंदशंकर मेहता यांनी ‘करणघेलो’ लिहिली. गुजरातीतली ही पहिली ऐतिहासिक कादंबरी, आणि लिहिणारा शाळेचा हेडमास्तर, बरं का! तिच्यात राजा आपल्या प्रधानाची बायको पळवतो, प्रधानाचा भाऊ मारला जातो आणि त्या भावाची बायको सती जाताना राजाला शाप देते. लोककथेतला बाबरा भूतही येतो. रामायण-महाभारत ऐकत वाढलेल्या आपल्या मनाला हे लगेच पटते : पाप, शाप, मग राज्याचा नाश.

वर्गात ही गोष्ट जरूर सांगावी, तिच्यात रंग आहे. पण दक्षिणेत फौज शापाने आली नव्हती. १२९६ सालच्या स्वारीत देवगिरीची दौलत अल्लाउद्दीनने डोळ्यांनी पाहिली होती, आणि तिची खंडणी पुढे थकली होती. शिवाय फिरिश्ता लिहीत होता तो तीनशे वर्षांनी. ही सारी प्रेमकथाच कल्पित, असे म्हणणारे इतिहासकारही आहेत.

शापाने राजाचे पाप सांगितले, काव्याने शहाजाद्याचे प्रेम सांगितले. मुलीचे काय? खुस्रोच्याच हिशेबाने दिल्लीत आली तेव्हा ती आठेक वर्षांची होती. आठ वर्षांची पोर! तिच्या स्वतःच्या तोंडचा एक शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही. खिज्रखान गेल्यावर नव्या सुलतानाने तिला आपल्या जनानखान्यात घातले, असे फिरिश्ता म्हणतो.