यंत्रावर बसलेला राक्षस

‘कार्गो’ हा हिंदी सिनेमा ९ सप्टेंबर २०२० रोजी नेटफ्लिक्सवर आला. त्या आठवड्यात देशात रोज नव्वद हजारांच्या आसपास नवे करोना रुग्ण सापडत होते आणि थिएटरांना कुलपं होती. नागपूरच्या आरती कडव यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. आयआयटी कानपूरला संगणकशास्त्र शिकून, सॉफ्टवेअरची नोकरी करून त्या सिनेमाकडे वळल्या. २०१९मध्ये मुंबईच्या मामि महोत्सवात तो दाखवला गेला. पुढे अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या ‘साउथ बाय साउथवेस्ट’ महोत्सवासाठी निवडला गेला, पण मार्च २०२०मध्ये साथीमुळे तो महोत्सवच रद्द झाला. मृत्यूनंतरच्या कारकुनीवरचा हा सिनेमा लोकांनी शेवटी पाहिला तो घरात कोंडून, बाहेर खऱ्या मृत्यूंची मोजदाद चालू असताना.

गोष्ट अशी. साल २०२७. पृथ्वीभोवती ‘पुष्पक ६३४ए’ नावाचं यान फिरतं आहे. यानावर प्रहस्थ नावाचा एक राक्षस वर्षानुवर्षं एकटा नोकरी करतो. पृथ्वीवर मेलेली माणसं त्याच्यापुढे येतात. त्यांना ‘कार्गो’ म्हणायचं. त्यांच्या जखमा भरायच्या, आठवणी पुसायच्या आणि पुढच्या जन्माला रवाना करायचं. मग युविष्का नावाची नवी सहायक रुजू होते. बस, एवढंच. विक्रांत मॅसी आणि श्वेता त्रिपाठी ही मुख्य जोडी. पृथ्वीवरून पडद्यावर बोलणारा साहेब झालेत आपले नंदू माधव, म्हणजे ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’तले दादासाहेब फाळके. हा योगायोग असेल, पण मला फार आवडला. त्यावर पुढे येतोच.

राक्षसांनी हे काम का पत्करलं? माणसांशी त्यांचा समझोता झाला म्हणतात, तो नेमका कसा? आठवणी पुसणारं यंत्र कोणी बनवलं? सिनेमा यातलं फारसं काही सांगत नाही. यान दिसतं जुन्या रेडिओसारखं, बटणांचं आणि खटक्यांचं. प्रहस्थ एखाद्या आडगावच्या तलाठी सजात बदली होऊन विसरला गेलेला माणूस वाटतो. पाहणाऱ्यांत लगेच दोन तट पडले. एकाला हा सिनेमा संथ, अर्धवट, पैशाअभावी पुठ्ठ्याचं यान उभारलेला वाटला. दुसऱ्याला त्याच पुठ्ठ्यात माया दिसली. मधलं मत क्वचितच ऐकू आलं.

समीक्षक अशा वेळी ठरलेलं स्पष्टीकरण देतात: जाणकार प्रेक्षकाला समजलं, सामान्याला नाही. हे मला कधी पटलं नाही, आणि लोहाऱ्यात आमच्या घरी जे झालं त्यानंतर तर अजिबात नाही. भाच्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडून हा सिनेमा लावला होता. खोलीत आम्ही सातजण. त्यांत गणिताचे एक निवृत्त मास्तर, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा भाचा, त्याचे दोन दोस्त, माझी बायको आणि माझी खाला. खालाचं शिक्षण उर्दूच्या चौथीपर्यंत. मास्तर अर्ध्या तासात वैतागले. वजनरहित अवस्थेत माणसं जमिनीवर चालतात कशी, हा त्यांचा पहिला प्रश्न. मेलेला माणूस यानापर्यंत कोणत्या वाटेनं येतो, हा दुसरा. दोस्तांपैकी एक झोपला, दुसऱ्यानं मोबाइल काढला. भाचा मात्र खिळून बसला; बिघडलेलं यंत्र उघडून बसण्याची ज्याला सवय आहे, त्याला प्रहस्थाचं एकटेपण कळलं असावं. बायकोला युविष्का आवडली. आणि खाला शेवटपर्यंत जागची हलली नाही.

आमच्या अकीद्यात पुनर्जन्म बसत नाही. मरणानंतर बरज़ख, मग कयामत. तरी खोलीतल्या एकाही मुसलमानानं त्यावर हरकत घेतली नाही. किस्सा हा किस्सा असतो, हे आम्हांला लहानपणापासून ठाऊक. हरकत घेतली मास्तरांनी, तीही गुरुत्वाकर्षणावरून! पुनर्जन्माबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

तेव्हापासून एक विचार डोक्यात आहे. आपल्याकडचा प्रेक्षक गूढाला भीत नाही. जिन्न आला, राक्षस आला, देव आला की तो ‘कसं?’ असं विचारत नाही. पण पडद्यावर यंत्र दिसलं की तोच माणूस हिशेब मागतो. ‘कार्गो’नं राक्षसाला यंत्रावर बसवलं, आणि भांडण तिथे सुरू झालं.

ही सवय जुनी आहे. फाळक्यांनी १९१७मध्ये ‘लंकादहन’ काढला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. मारुती उडतो कसा, असं प्रेक्षकानं विचारल्याचं कुठे वाचलं नाही. राम पडद्यावर आला की लोक हात जोडत, हे मात्र पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. फाळके स्वतः यंत्रवेडे, कॅमेऱ्याच्या करामतींवर जीव टाकणारे. पण ती करामत त्यांनी देवाच्या अंगावर घातली, म्हणून ती चालून गेली. उर्दू दास्तानांतही तेच. लखनऊच्या नवलकिशोर छापखान्यानं १८८३पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड छापले. त्यातल्या अमर अय्यारच्या ज़ंबीलमध्ये, म्हणजे झोळीत, अख्खी शहरं मावतात. झोळीचं माप कोणी विचारलं नाही.

हिंदी सिनेमानं हे नीट ओळखलं होतं. ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) मधलं घड्याळासारखं यंत्र मनगटावर बांधलं की माणूस अदृश्य होतो, फक्त लाल प्रकाशात दिसतो. शास्त्र तेवढंच, बाकी मोगॅम्बो. ‘कोई... मिल गया’ (२००३) मध्ये परग्रहवासी येतो तो ‘ॐ’चा ध्वनी ऐकून, आणि त्याचं नावच ‘जादू’. एवढं उघड नाव ठेवल्यावर कोण शंका काढणार? ज्या पोरांनी त्या निळ्या जादूवर जीव लावला, तीच मोठी होऊन ‘कार्गो’त गुरुत्वाकर्षण शोधत होती.

मराठीत यात आणखी एक पदर आहे. आपल्याकडे विज्ञानकथा रुजली ती प्रबोधनाच्या हातून. मराठी विज्ञान परिषद १९६६ची. तिच्या १९७४च्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली आणि पहिली ठरली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव घेतलं होतं. पुढे दोन पिढ्या नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे वाचत वाढल्या. त्या कथांनी आम्हांला कृष्णविवर शिकवलं, ग्रहताऱ्यांची भीती घालवली. त्यांचं ऋण मोठं आहे. पण त्या वाचनातून एक कसोटी मनात बसली: विज्ञानकथेतलं विज्ञान तपासून घ्यायचं. आमचे मास्तर त्याच शाळेतले. त्यांच्या तक्रारीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ज्या मुलखात सापाच्या विषावर मंत्र घालणारा माणूस आधी गाठला जायचा, तिथे ‘कसं?’ विचारणारा मास्तर लागतोच. सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ २०१६मध्ये आला, मराठीत विज्ञानपट करण्याचा तो धाडसी प्रयत्न. तोही या दोन दगडांवर पाय ठेवून उभा होता: एकीकडे इंजिनिअरिंग कॉलेजातलं तंत्रज्ञान, दुसरीकडे प्रेमकहाणी. पाय घसरला.

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेचं. गणित शिकलेल्या शेन कॅरुथनं सुमारे सात हजार डॉलरात ‘प्रायमर’ केला. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत त्याचंच, मुख्य भूमिकाही त्याचीच. २००४मध्ये सनडान्सचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. ७७ मिनिटांचा सिनेमा. दोन इंजिनिअर गॅरेजमध्ये काही बनवत असतात आणि ते कालयंत्र निघतं. पात्रं इंजिनिअर जसे आपसांत बोलतात तशी बोलतात, प्रेक्षकासाठी थांबत नाहीत. काही लोक चिडून उठले. काहींनी कोणता माणूस कोणत्या वेळेतून आला याचे नकाशे काढले, अजून काढतात. तिथे नुसतं यंत्र आहे, जिन्न औषधालाही नाही. म्हणून तिथलं भांडण ‘समजलं की नाही’ एवढ्यावर थांबतं. नकाशा जुळला की मिटलं.

‘कार्गो’चं भांडण नकाशानं मिटत नाही. सिनेमा संपल्यावर मास्तर आणि भाचा यांची चांगली जुंपली होती. खाला मधेच म्हणाली, “सब भुला दिये तो वहाँ पैचानेंगे कैसे?”

सगळे गप्प झाले. खालाची थोरली मुलगी सास्तूरकडच्या एका गावात दिली होती. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. चारच्या सुमाराला जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची माळवदं. उन्हाळ्यात गार ठेवणारं तेच घर अंगावर आलं. किल्लारीचं नाव जगाला कळलं, पण आमच्या बाजूला सास्तूरनंही तितकंच सोसलं. सुमारे दहा हजार माणसं गेली, नंतर ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली गेली. त्या दिवसांत पावसाची झड होती, कुठे दफन, कुठे दहन, जिथे जमेल तसं. ग़ुस्ल कुठलं आणि कफन कुठलं. खालानं मुलीचा चेहरा पाहिला नाही. बांगडीवरून ओळख पटली.

यानावर मेलेल्या माणसाच्या जखमा भरल्या जातात, ते दृश्य मास्तरांना फालतू वाटलं होतं: परत पाठवायचंच आहे तर ही डागडुजी कशाला? मला ते पाहताना ग़ुस्ल आठवला. मेलेल्याला त्याचा काय उपयोग, असा प्रश्न ग़ुस्ल देणाऱ्याला पडत नाही. कोमट पाणी, उजवी बाजू आधी, हळुवार हात. २०२०मध्ये ते पाणी अनेकांच्या नशिबी आलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जनाज़े आपण दुरून पाहिले. त्या वर्षी युविष्का एका अनोळखी मृताची जखम भरत होती, आणि कुणी म्हणत होतं की सिनेमात काही घडतच नाही.

पण खालाचा प्रश्न जखमेचा नव्हता, आठवणीचा होता, आणि तो सिनेमाच्या वर्मावर बसतो. आठवण पुसणं ही इथे दया आहे की शिक्षा? कडव उत्तर देत नाहीत. ज्यानं कुणाला गमावलेलं नाही त्याला ही मोकळी जागा आळस वाटेल. खालाला ती जागा असह्य झाली, तरी तिनं सिनेमाला वाईट म्हटलं नाही. “अच्छा है, पर मेरेकू नको,” एवढंच. मग दोन तटांपैकी तिला कुठे मोजायचं?

गोष्टीतली जागा मोकळी सोडणं हे पाश्चात्त्य कलावंतांचं फॅड आहे, असं मास्तर म्हणाले होते. त्यांना मी इब्न तुफैलची गोष्ट सांगितली. हा बाराव्या शतकातला अंदलुसी हकीम, सुलतान अबू याकूब युसूफचा वैद्य, ११८५मध्ये मराकेशला वारला. त्याच्या ‘हय्य इब्न यकज़ान’ या पुस्तकात निर्जन बेटावर एक मूल हरिणीच्या दुधावर वाढतं. हे मूल बेटावर आलं कसं? इब्न तुफैल दोन हकीकती सांगतो. एक, ते तिथल्या मातीतूनच आपोआप उपजलं. दुसरी, शेजारच्या बेटावरच्या राजाच्या बहिणीनं ते पेटीत घालून समुद्रात सोडलं. खरी कुठली, याचा निकाल तो देत नाही आणि गोष्ट पुढे नेतो. हरिणी मरते तेव्हा हय्य तिची छाती फाडून शोधतो, की हिच्यातून नेमकं काय निघून गेलं. ज्याला ‘कसं?’ विचारायचं त्यानं विचारावं, अशी सोय याच गोष्टीत आहे. १६७१मध्ये याचं लॅटिन भाषांतर ऑक्सफर्डहून निघालं आणि युरोपनं ते आवडीनं वाचलं.

त्याच पुस्तकाच्या शेवटी हय्य वस्ती असलेल्या बेटावर जातो. एकांतात विचार करून जे उमगलं ते लोकांना सांगू लागतो. ते भले लोक असतात, पाहुण्याचा मान राखतात, पण ऐकताना कंटाळतात, मग मनातून चिडतात. हय्य त्यांची माफी मागतो, तुमचं आहे तेच धरून चला म्हणतो आणि आपल्या बेटावर परततो. प्रेक्षक न मिळालेल्या दिग्दर्शकाचं इतकं जुनं आणि इतकं समंजस वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. मास्तर म्हणाले, “मग चूक कोणाची?” मी म्हटलं, इब्न तुफैल तेही सांगत नाही. ते हसले. सिनेमाबद्दलचं मत त्यांनी बदललं नाही, आणि बदलावं असंही काही नाही.

माझ्याही तक्रारी आहेत. पृथ्वीवरच्या मुलाखती आणि जाहिरातींचे विनोद मधूनमधून घुसतात आणि यानातली शांतता मोडतात. रामायणातली नावं घेतली, पण प्रहस्थ हा रावणाचा सेनापती, लंकेच्या युद्धात पडलेला; त्या हरलेल्या पक्षाच्या मनात काय असेल, याला कडव यांनी हातच घातला नाही. हरलेल्यांनी जिंकणाऱ्यांच्या प्रेतांची सेवा करायची, ही केवढी मोठी गोष्ट होती! ती हातची गेली, असं मला वाटतं.

फेब्रुवारी २०२५मध्ये कडव यांचा ‘मिसेस’ झी-फाइव्हवर आला. ‘द ग्रेट इंडियन किचन’ या मल्याळम सिनेमाची ती हिंदी आवृत्ती, स्वयंपाकघरात पिचलेल्या सुनेची गोष्ट. त्यावर घराघरांत भांडणं झाली, आमच्याकडेही. पुन्हा दोन तट पडले, पण या वेळी कोण कशावरून भांडतंय हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. तो सिनेमा खालानं दोनदा पाहिला.