प्रकाश पोचला पाहिजे

दिवाळीत आपण पणत्या मोजतो. पणतीचा किती उजेड शेजारच्या अंगणापर्यंत पोचला, याचा हिशेब कोणी मांडत नाही. विज्ञानाच्या इतिहासात मात्र असा हिशेब मांडणारी माणसे होऊन गेली. त्यांचा दिवा इतका लहान की, वाटेत थोडा उजेड सांडला तर हाती अंधारच उरावा.

१९०९ साली मँचेस्टरला हान्स गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडन काळोख्या खोलीत बसत. डोळे अंधाराला सरावले की सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरच्या ठिणग्या मोजीत. एक अल्फा-कण आदळला की एक ठिणगी. प्लॅटिनमच्या पत्र्यावरून ८,००० कणांत सुमारे एक कण उलटा फिरतो, हे त्यांनी असे मोजून काढले. त्यावरूनच १९११ साली रदरफर्डने अणूला गाभा असल्याचे सांगितले. अणूचे हे गुपित शिणलेल्या डोळ्यांनी उकलले, म्हणा ना!

पण डोळा थकतो. शिवाय ती भुकटी अपारदर्शक; थर जाड दिला तर आतली ठिणगी आतच विझे. पहिली अडचण १९४४ साली करन आणि बेकर यांनी दूर केली. डोळ्याच्या जागी त्यांनी प्रकाशाची वीज करून ती लाखो पटींनी वाढवणारी नळी बसवली. दुसरी सोडवली हार्टमुट कालमानने. ज्यू म्हणून १९३३ साली नाझी राजवटीत त्याची जागा गेली होती; युद्धातून तो कसाबसा वाचला. १९४७ साली, मोडून पडलेल्या बर्लिनमध्ये, त्याच्या कामी आले नॅप्थलीन, म्हणजे आपल्या कपड्यांच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचे द्रव्य! ते आपल्याच प्रकाशाला पारदर्शक असते. खोलवर उमटलेली ठिणगीही त्यातून बाहेर येऊ लागली.

१९५० साली शोर आणि टॉर्नी यांनी हाच गुण प्लॅस्टिकला दिला. आता हव्या त्या आकाराच्या लाद्या करता येऊ लागल्या. अशा लादीतून एक सेंटिमीटर धावलेला वेगवान कण सुमारे २०,००० प्रकाशकण मागे ठेवतो. पुष्कळ वाटतात, पण त्यांची वाट खडतर असते. मूळचा प्रकाश प्लॅस्टिक चटकन गिळते, म्हणून त्यात दुसरे द्रव्य मिसळून त्याला निळा करतात. निळा दूर जातो, तरीही झिजतो. लादीने दोन मीटरांत १०० पैकी ३७ किरण राखले, तर चार मीटरांत १४च उरतात. तिरपे किरण गुळगुळीत पृष्ठभागावरून आत परततात. तेथे ओरखडा किंवा बोटाचा ठसा असला की तेही निसटतात. म्हणून लाद्या घासून चकचकीत करायच्या, पांढऱ्या कागदात गुंडाळायच्या आणि वर काळे आवरण घालायचे. घरातली समई पुसावी तितक्याच निगुतीने!

या निगुतीचे चीज झाले कोलारच्या सोन्याच्या खाणीत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांनी ७,६०० फूट खोल अशा लाद्यांच्या भिंती उभारल्या. वरच्या खडकाने आकाशातून येणारे बहुतेक सारे कण अडवले. खडक पार करणाऱ्या न्यूट्रिनोने मात्र कधीमधी जवळच एखादा म्युऑन जन्माला घालावा आणि त्याने लादीत ठिणगी टाकावी. १९६५ साली ती ठिणगी दिसली. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची चाहूल माणसाला लागली ती त्या वर्षी, तिथे आणि दक्षिण आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका खाणीत. महिनोन् महिने थांबून मोजक्याच घटना हाती येत. त्यांतली एकही उजेडाअभावी गमावणे परवडणारे नव्हते.

कोलारची खाण २००१ साली बंद झाली. विद्या मात्र बंद पडली नाही. उटीला त्याच संस्थेने स्वतः घडवलेल्या लाद्यांत खाचा पाडून बारीक तंतू बसवले. ते निळा प्रकाश पिऊन हिरवा करतात आणि नळीपर्यंत नेतात.

दिवा लावणाऱ्याचे नाव होते. पण वाटेवरचा ओरखडा पुसणाराही तितकाच मोठा. त्याच्यावाचून लागलेला दिवा कोणाला दिसला असता?