भेटकलमाची युक्ती

कोकणात आंब्याचे भेटकलम बांधताना फांदी मूळ झाडापासून लगेच तोडत नाहीत. तिला कुंडीतल्या रोपाशी बांधतात. सांधा जुळला, की मगच कापतात. तोंडाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेच्या इतिहासात हीच युक्ती आपल्याला पुन्हा भेटते.

१८९५ साली क्ष-किरणांचा आणि १८९८ साली रेडियमचा शोध लागला. लवकरच दोन्हींचा वापर कर्करोगावर सुरू झाला. चिरफाड न करता गाठ विरते, हा मोठाच दिलासा होता. पण काही रुग्णांत गाठ त्याच जागी पुन्हा उगवे. किरणांची पूर्ण मात्रा आधीच दिलेली असल्याने तिथे ती पुन्हा देणे धोक्याचे. मग उरे ती शस्त्रक्रिया. तिला ‘साल्व्हेज सर्जरी’ म्हणतात.

गाठ काढता येई. घोडे अडे ते जखम भरण्यापाशी. असे का? किरणांनी बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तरही दुखावते. पुढे त्या अरुंद होत जातात, भोवतालची ऊती ताठर होते. रक्त कमी, म्हणून प्राणवायूही कमी. टाके उसवतात, लाळ मानेत झिरपते आणि तिथली मोठी रोहिणी उघडी पडून फुटण्याची भीती असते.

म्हणजे जखमेवर स्वतःचा रक्तपुरवठा असलेली ऊतीच आणायला हवी. कल्पना जुनीच होती. पुण्यात कावसजीचे कापलेले नाक कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडवल्याचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला होता. १९६३ साली मॅकग्रेगर यांनी कपाळाची कातडी तोंडाच्या आत वळवली. १९६५ साली बकामजियन यांनी घशाच्या दुरुस्तीसाठी छातीची कातडी वापरली. पुढे ती तोंडासाठीही उपयोगी पडली. काही आठवड्यांनी, सांधा जुळल्यावर, तिचा देठ कापत. भेटकलमच हे! १९७९ साली एरियन यांनी छातीचा स्नायू त्याच्या रोहिणीसकट, कातडीखालून वर नेला. बहुतेकदा एकाच शस्त्रक्रियेत काम भागू लागले. छातीवर किरण पडलेले नसल्याने ही ऊती निरोगी असते.

मात्र नवी ऊती जखम भरून काढते. कर्करोग परतणार नाही, याची हमी देत नाही. गाठ लहान असतानाच सापडली, तर ती पूर्ण निघण्याची शक्यता जास्त. म्हणून किरणोपचार संपले तरी तपासणीच्या फेऱ्या चुकवू नयेत. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कुणाच्या घरी असा रुग्ण असेल, तर एवढा निरोप आपण नक्की पोहोचवू या.